बारीक अंगाचा फॅटी लिव्हर

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'ग्रेड वन फॅटी लिव्हर', म्हणजे यकृतात चरबी, असं वाचल्यावर आईनं मला बाजूला घेऊन विचारलं, "घेत नाहीस ना रे?" आमच्या घरात दारूला कुणी शिवत नाही. त्यात मी अंगानं बारीक. पुण्याच्या कसबा पेठेत, तांबट आळीजवळच्या भांड्यांच्या दुकानात माझं दिवसभर बसून हिशेबाचं काम. आळीतले कारागीर हातोडीनं मठारकाम करतात, मी बिलं लिहितो.

दुखत काहीच नव्हतं. डॉक्टरांनी शर्ट वर करायला लावला, श्वास सोडायला सांगितला आणि पोटाला टेप लावली. 93 सेंटिमीटर! आपल्याकडे पुरुषांसाठी मर्यादा 90ची, बायकांसाठी 80ची. हातपाय काड्या आणि चरबी सगळी पोटात.

त्यांनी समजावलं की चरबी नुसती पडून राहत नाही, ती ग्रंथीसारखी हार्मोन्स सोडते. 1994मध्ये सापडलेलं लेप्टिन चरबीचा साठा किती आहे ते मेंदूला कळवतं. अ‍ॅडिपोनेक्टिन यकृताला चरबी जाळायला मदत करतं, सूज आवरतं आणि इन्सुलिनचा परिणाम नीट होऊ देतं. पोटातली चरबी वाढली की लेप्टिन वाढतं, पण हे उपकारक अ‍ॅडिपोनेक्टिन घटतं. शिवाय आतड्यांभोवतीच्या चरबीतून सुटणारी फॅटी अ‍ॅसिड्स रक्तावाटे थेट यकृतात जातात.

बारीक अंगात इतकी चरबी कशी, हे कोडं आमच्या शेजारच्या रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आयुष्यभर अभ्यासलं, हे तेव्हा कळलं. त्यांच्या अभ्यासात पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं जन्मतः सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी भरले, पण पाठीवरची चरबी त्या मानानं फारशी कमी नव्हती. 2004मध्ये 'लान्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिक यांची 21.2. हे वाचलं आणि माझा रिपोर्ट मला उमगला.

मग दुपारचा भात निम्मा केला, उसळ वाढवली, दुकानातला साखरेचा चहा सोडला. पहाटे कसबा गणपतीवरून शनिवारवाड्यापर्यंत आणि वाड्याभोवती भरभर चालतो. घरी येऊन जोर-बैठका काढतो, कारण स्नायू वाढले की ते साखर ओढून घेतात आणि यकृतावरचा भार हलका होतो. वजन थोडंच उतरलं, पण कंबर 88वर आली आणि यकृताच्या तपासण्या सुधारल्या.

नंतर आईची कंबर मोजली, तीही 80च्या वर निघाली. आता सकाळी ती माझ्याबरोबर चालायला येते. तुमच्या घरात फॅटी लिव्हर किंवा मधुमेह असेल तर 'आपण बारीकच आहोत' म्हणून थांबू नका. शिवणाच्या डब्यातली टेप काढा, घरातल्या प्रत्येकाची कंबर मोजा आणि आकडा जास्त आला तर डॉक्टरांकडे जा. या टप्प्यावर यकृत सुधारू शकतं.