माशाला नांव पाहिजे

गळ टाकून नदीकांठीं बसणाऱ्या माणसाविषयीं आपल्या भाषेनें चांगलें मत कधींच नोंदविलेलें नाहीं. ध्यानस्थ बगळा म्हणजे ढोंगाचा नमुना. 'गळाला लागला' म्हणजे फसला. इंग्रजी वाङ्मय शिकविण्याचा व्यवसाय पतकरल्यावर मात्र आम्हांस निराळाच प्रकार दिसला. आयझाक वॉल्टन नांवाच्या गृहस्थानें १६५३ सालीं मासे धरण्याच्या कलेवर ग्रंथ लिहिला, आणि तो त्या भाषेच्या गद्याचें एक भूषण मानला जातो. एका भाषेंत जी लबाडी, तीच दुसरींत चिंतनाची साधना कशी, या कुतूहलानें आम्ही गेलीं कित्येक वर्षें सुट्टीच्या दिवसांत भीमेच्या कांठीं एका वृद्ध भोयाची शागिर्दी करीत आलों आहों. मासे आमच्या हातीं बेताचेच लागले. परंतु त्या निमित्तानें जें ध्यानांत आलें, तें वाचकांपुढें ठेवण्याजोगें वाटतें.

या विद्येचें साहित्य पाहूं गेल्यास अगदीं थोडें. वेळूची लवचिक काठी, दोरा, गळ, दोऱ्याला तळाकडे ओढणारा शिशाचा मणी, आणि पाण्यावर तरंगणारा मोरपिसाचा देठ. साहित्य थोडें म्हणून विद्या सोपी, असें मात्र नव्हे. देठ जरा हलला कीं काठी उचलावी अशी नवशिक्याची वृत्ति असते. आमचे गुरु त्यावर म्हणत, "मास्तर, काठी उचलायच्या आधी कोण आलंय ते तर बघा!" देठ नुसता थरथरला तर लहान मासोळ्या गांडूळ कुरतडीत आहेत. तो तिरपा होऊन सावकाश पाण्याखालीं गेला तर शिंगटा समजावा, आणि सोडवितांना त्याच्या पाठीवरच्या व गल्ल्यांजवळच्या कांट्यांपासून हात जपावा. दोरा तळाशीं जाऊन दगडासारखा जड झाला तर वाम. मासा दिसण्यापूर्वीं त्याचें नांव सांगतां आलें पाहिजे, हा त्यांच्या शाळेंतील पहिला धडा होता.

हातीं आलेला मासा ओळखण्याच्या खुणा निराळ्या. रोहू आणि कटला हे मूळचे उत्तरेकडील; आपल्या तलावांत ते आणून सोडलेले आहेत. कटल्याला मिशा नसतात, आणि त्याचें तोंड वर वळलेलें असतें. महसीराला मिशा चार, आणि खवले तर एवढे मोठे कीं अंगाच्या कडेनें जाणाऱ्या रेषेवर ते पंचविसांच्या आसपासच भरतात. रोहूच्या त्याच रेषेवर चाळिसांच्या आसपास मोजावे लागतात. आमचे गुरु खवले मोजीत नाहींत. त्यांना अंगठा फिरविला कीं कळतें. मोजणी आम्हां पुस्तकी लोकांसाठीं आहे.

ही नांवांची विद्या भोयांच्या तोंडींच राहिली असती, तर पुस्तकी लोकांना तिचा पत्ताही लागला नसता. परंतु मुंबई सरकारच्या वतीनें दख्खनची पाहणी करणारे विल्यम हेन्री साइक्स यांनीं येथील माशांचें वर्णन केलें व तें १८३९ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत त्यांनीं एक फार मोठें काम केलें. नव्या जातींना नांवें देतांना त्यांनीं पुष्कळ ठिकाणीं स्थानिक नांवेंच जशींच्या तशीं उचललीं. शिंगटी, मळ्या, खुद्री हीं नांवें अशा रीतीनें लॅटिनच्या पंक्तीस जाऊन बसलीं. खुद्री म्हणजे आपला दख्खनी महसीर. पुण्याच्या पूर्वेस वाहणाऱ्या मुळा-मुठेंतल्या माशांवरून त्याचें वर्णन झालें. पुढें १९५२ सालीं डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनीं दुसऱ्या माशांचे खवले खाणाऱ्या एका माशाचें वर्णन केलें, आणि त्याला शास्त्रीय नांव दिलें तेंही 'खवलचोर'! जगांतील कोणत्याही देशाच्या प्राणिशास्त्रज्ञाला आज हा मराठी शब्द उच्चारावा लागतो.

नांवाचें एवढें कौतुक कशाला, असें कोणी विचारील. त्यास कावेरीचें उदाहरण पुरेसें आहे. त्या नदींत पाठीला उंचवटा असलेला एक प्रचंड महसीर राहतो. गळवाल्यांत त्याची कीर्ति शंभराहून अधिक वर्षांची. १९४६ सालीं कावेरींत धरलेला १२० पौंडांचा महसीर अजून त्यांच्या बोलण्यांत आहे. एवढा प्रसिद्ध मासा. परंतु शास्त्रांत त्याची जात कोणती, हें निश्चित झालें नव्हतें. इकडे १९७० नंतर लोणावळ्याजवळ वळवण येथें आपल्या खुद्रीचीं अंडीं उबवून पिलें वाढविण्याचा प्रयोग यशस्वी झाला. हेतु स्तुत्य होता, आणि तीं पिलें दूरदूरच्या पाण्यांत सोडण्यांत आलीं. त्यांत कावेरीही होती. महसीर तो महसीर, असा समज. खुद्री तेथें फोफावला आणि उंच पाठीचा मूळ रहिवासी घटत गेला. ही गोष्ट उघडकीस आली ती गळवाल्यांच्या वह्यांवरून. धरलेला प्रत्येक मासा तोलून, नोंदवून, ते परत पाण्यांत सोडीत असत. २०१८ सालीं त्या माशाची जात एकदांची निश्चित झाली, आणि त्याच वर्षीं त्याचें नांव अत्यंत संकटग्रस्त जातींच्या यादींत गेलें. बारसें आणि मृत्युशय्या एकाच वर्षीं!

परत सोडणें म्हणजे तरी नुसतें पाण्यांत फेकणें नव्हे. माशाच्या अंगावरची बुळबुळ हें त्याचें चिलखत आहे. कोरड्या हातानें धरल्यास तें निघून जातें व रोग आंत शिरतो. म्हणून हात आधीं भिजवावे, गळाचा उलटा कांटा पकडीनें दाबून टाकावा, आणि शक्य तों मासा पाण्याबाहेर काढूंच नये. उन्हाळ्यांत तर हें विशेष संभाळावें. गोठण्याच्या बेतांत आलेल्या पाण्यांत दर लिटरास सुमारें १४.६ मिलिग्रॅम प्राणवायु मावतो. तेंच पाणी ३० अंशांवर तापलें कीं तो ७.५ मिलिग्रॅमवर येतो. झुंजून दमलेल्या जीवाला श्वास हवा असतो, आणि पाण्यांतच तो नसतो. मरळीची गोष्ट उलट. ती वर येऊन हवा घेते. तिला पृष्ठभागाशीं येऊं दिलें नाहीं, तर ती पाण्यांत गुदमरून मरते.

या मरळीवरूनच आम्हांस आमच्या गुरूंची खरी ओळख झाली. पावसाळ्यांत तिच्या तांबूस पिलांचा घोळका पाण्यावर दिसतो, आणि त्याखालीं आईबाप राखण करीत असतात. अशा वेळीं गळ पुढें नेला कीं मरळ त्यावर तुटून पडते; तिला भूक नसते, राग असतो. आम्हीं काठी पुढें केली तेव्हां त्यांनीं ती हातानें बाजूला सारली. "बाबा, मोठी आहे," आम्ही म्हणालों. "मोठी आहे, पण लेकुरवाळी आहे," एवढेंच ते बोलले. महाड तालुक्यांत वाळणकोंडीच्या डोहांत देवीचे म्हणून महसीर धरीत नाहींत, त्यामागेंही हीच समज असावी. सुरुंगानें वा विषानें मासे मारण्यास १८९७ च्या कायद्यानें बंदी केली. ज्यांना माशांचीं नांवें ठाऊक होतीं, त्यांना ती सांगावी लागत नव्हती.

आज पुण्यांतून बाहेर पडणारें मुळा-मुठेचें पाणी सांडपाण्यानें काळें झालेलें आहे. साइक्ससाहेबांनीं ज्या प्रवाहावरून खुद्रीचें नांव लिहून घेतलें तो हाच, हें आम्हीं वर्गांत सांगितलें तेव्हां मुलांना तें खरें वाटेना. खुद्री हा शब्द त्यांनीं प्रथमच ऐकला होता, आणि तोही इंग्रजी शिकविणाऱ्याच्या तोंडून. लॅटिनच्या यादींत तो सुरक्षित आहे, हें समाधान अपुरें आहे. भोयाच्या नातवाच्या तोंडीं तो राहील तरच कोणीतरी या नदीला विचारील कीं, खुद्री गेला कोठें?