दुधाला चांगलं

बाळंतिणीच्या पानात जे जे पडतं, त्याची शिफारस एकाच शब्दात होते. अळिवाची खीर दुधाला चांगली, डिंकाचे लाडू दुधाला चांगले, शेपू, खसखस, लसणाची फोडणी, शतावरी, सगळंच दुधाला चांगलं. जेवण झाल्यावर हातावर ओवा, तीळ आणि बाळंतशेपा, तेही त्यासाठीच. मला अळीव मनापासून आवडतात, त्यामुळे खाण्याबद्दल तक्रार नाही. पण भेटायला येणारी प्रत्येक बाई दारातूनच विचारायची, "दूध येतंय ना गं पुरेसं?" विचारायची मला, आणि उत्तरासाठी बघायची बाळाच्या गालांकडे.

त्या वेळी माझ्या शरीरात काय काय चाललं होतं, ते मला कुणी आधी सांगितलंच नव्हतं. बाळ पाजायला घेतलं की ओटीपोटात कळ यायची. बाळ चोखू लागलं की जे संप्रेरक दूध वाहतं करतं, तेच गर्भाशयही आवळतं, हे पुढे वाचनात आलं. प्रसूतीनंतर साधारण किलोभर वजनाचं गर्भाशय सहा आठवड्यांत साठ-सत्तर ग्रॅमवर येतं. एवढी उलथापालथ आत सुरू असते आणि बाहेरून फक्त पोट सैल दिसतं. कित्येक आठवडे अंगावरून जात राहतं. टाके ओढतात, म्हणून संडासला बसायची भीती वाटते. दूध दाटून छाती दगडासारखी होते. तीन-चार महिन्यांनी केस मूठमूठ गळू लागतात. यातलं काहीही बारशाच्या गप्पांत येत नाही. बारशात येतं ते नाक कुणासारखं आहे.

या सगळ्यात माझ्याकडे माझ्यासाठी येणारी व्यक्ती एकच होती, तेल लावणाऱ्या मावशी. सकाळी यायच्या, पदर खोचायच्या, पाटावर बसायच्या आणि आधी मला घ्यायच्या, बाळाला नंतर. "लेकराचं होतंय, त्याला काय घाई आहे? तुझी कंबर मोडलीय." घरातले सगळे हात बाळासाठी पुढे व्हायचे, त्यांचे माझ्या पाठीला लागायचे. त्यांच्या कडक पोटपट्ट्यावर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. पोट आपल्या वेळेनंच आत जातं. बंद खिडक्यांच्या खोलीतली कोळशाची धुरीही मी नाकारली, आणि त्यावरून घरात बरंच वाजलं. पण मालिशचा तो अर्धा तास कुणी काढून घेतला असता, तर मी भांडले असते.

मला उगाच रडू यायला लागलं, ते पहिलं कळलं त्यांना. प्रसूतीनंतरच्या पहिल्याच आठवड्यात. बाळ सुखरूप, घर आनंदात, आणि मी मात्र भिंतीकडे तोंड करून रडत होते. आई घाबरली. "बाळंतिणीनं रडू नये, डोळे जातात," म्हणाली. मावशी म्हणाल्या, "रडू द्या. दूध उतरतं तेव्हा डोळेपण भरतात. पंधरा दिवसांत थांबेल. नाही थांबलं तर मात्र डॉक्टरला दाखवा." वार पडली की गरोदरपणातली संप्रेरकं एकदम कोसळतात. निम्म्याहून अधिक बायकांना सुरुवातीचे दिवस असे जड जातात, आणि बहुतेकींचं दोन आठवड्यांत निवळतं. शाळेत फारशा न गेलेल्या त्या बाईंचा हिशेब पुस्तकाशी जुळत होता.

पण न निवळणाऱ्यांचं काय? गोव्यात विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला, 2002मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मी पुढे वाचला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी पाहिलं, तर 23 टक्के आयांना नैराश्य होतं. त्यात बऱ्याचशा गरोदरपणापासूनच खचलेल्या होत्या. कारणांत गरिबी होती, नवऱ्याची मारहाण होती, आणि आधी मुलगी असताना पुन्हा मुलगीच होणं होतं. यातल्या कशावर डिंकाचा लाडू चालणार?

सव्वा महिन्याची विश्रांती आपल्याकडे फार मिरवतो आपण. ती मुळात सगळ्यांच्या वाट्याला येतच नाही. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. बाई घरी बसली की कोयता अर्धा होतो आणि खाड्याचे पैसे कापले जातात. अशी बाळंतीण काही दिवसांत पुन्हा फडात दिसते. 26 आठवड्यांची पगारी रजा 2017च्या दुरुस्तीनं कायद्यात आली, पण तिच्यापर्यंत ती पोहोचत नाही. आणि ज्यांना विश्रांती मिळते, त्यांनाही ती दूध भरण्यापुरती मिळते. खोलीत झोपलेल्या बाईला आतून कसं वाटतंय, हे विचारायचं काम त्या सव्वा महिन्यात कुणाकडेच सोपवलेलं नाही.

दीड महिन्यानं बाळाला लस द्यायला आई दवाखान्यात जातेच. बाळाचं वजन होतं, कार्डावर नोंद होते, पुढची तारीख मिळते. आईच्या मनाची विचारपूस करणारी दहा प्रश्नांची प्रश्नावली 1987पासून उपलब्ध आहे. एडिंबरो नावानं ती ओळखली जाते. भरायला पाच-दहा मिनिटं लागतात. लस दिल्यावर बाळाला थोडा वेळ तिथंच थांबवून ठेवतात. तेवढा वेळ आईही तिथंच रिकामी बसलेली असते.