शेवटचे पान आधी

गेल्या महिन्यात एम. ए. च्या वर्गातील एका विद्यार्थिनीने संगणकाच्या पडद्यावर बोट ठेवून विचारले, "सर, हे शेवटचे अक्षर 'ई' आहे की 'ळ'?" मी चष्मा पुसून पाहिले, चित्र मोठे केले, पुन्हा लहान केले. मला सांगता आले नाही. ते चित्र मीच २००६ साली काढलेले होते, आणि ज्या पानाचे ते चित्र आहे ते पान आता जगात कोठेही नाही.

कृष्णाकाठच्या एका गावी, माझ्या एका मित्राच्या मामांकडे, हाताने शिवलेले एक जुने बाड होते. आरत्या, पदे, काही ओव्या आणि द्रौपदीस्वयंवराचे एक आख्यान असा त्याचा ऐवज. २००५ च्या पुरात घरात कमरेएवढे पाणी आले. बाड माळ्यावर होते म्हणून वाचले. ही हकिकत कानावर आल्यावर मी पुढच्या हिवाळ्यात तेथे गेलो. खांद्याला एक छोटा डिजिटल कॅमेरा होता, पाच मेगापिक्सेलचा. त्या काळी तो मला पुष्कळ वाटे.

मामांनी बासन सोडले. मामी म्हणाल्या, "आमच्या सासूबाई सांगायच्या, हे घरातल्या एका आत्याबाईंनी लिहिलेलं. लहानपणीच माघारी आलेल्या. नाव काही आता कुणाच्या ध्यानात नाही." मी आशेने शेवटचे पान उघडले. तेथे नीट समाप्तिलेख होता: शक, तिथी, 'हस्ताक्षर' हा शब्द आणि पुढे नाव. मी तो वाचला असणारच. पण टिपून घेतला नाही, कारण चित्र तर काढायचेच होते. पहिल्या पानापासून सुरुवात केली. चित्रे हातानेच काढत होतो. कार्ड लहान, म्हणून चित्राची प्रत 'मध्यम'वर ठेवली. वेळ थोडा, म्हणून दोन-दोन पाने एका चौकटीत घेतली. दुपार कलली, मग वीज गेली. ते भारनियमनाचे दिवस होते. शेवटच्या दहा-बारा पानांना मामी कंदील धरून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, राहा की आजची रात. सकाळी उजेडात काढा." मला शेवटची एस. टी. गाठायची होती.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी २००५ पेक्षाही वर चढले. मातीच्या भिंती बसल्या, माळा खाली आला. पाणी ओसरल्यावर मित्राने फोनवर एवढेच सांगितले की, बासनातून लगदा निघाला.

त्या शेवटच्या चित्रात 'शके १७' एवढे वाचता येते. पुढचे दोन अंक हलले आहेत. म्हणजे बाड इ. स. १७७८ ते १८७८ या शंभर वर्षांत केव्हाही लिहिलेले असू शकते. 'हस्ताक्षर' स्पष्ट आहे. नावाच्या शेवटी 'बा' दिसतो आणि त्यानंतर एक धूसर गाठ. ती 'ई' असेल तर आख्यान लिहून घेणारा हात एका स्त्रीचा होता आणि मामींच्या सासूबाईंची आठवण खरी होती. ती 'ळ' असेल तर ते कुणा पुरुषाचे नाव. मराठी हस्तलिखितांच्या इतिहासात स्त्री-लेखनिकाचा एक पुरावा असणे वा नसणे माझ्या कॅमेऱ्याच्या फोकसवर येऊन थांबले आहे.

कॅमेऱ्याविषयी काही लिहिण्याचा अधिकार मला असेल तर तो एवढ्या चुकीने दिलेला आहे. आपल्यापैकी अनेकजण आता गावोगावी जुने कागद पाहायला जातात आणि खिशातल्या फोनने चित्रे काढून परततात. त्यांच्यासाठी हे टिपण.

आपण पाठचिकित्सा शिकतो तेव्हा लेखनिकाचे दोष पाठ करतो: डोळा एका ओळीवरून खालच्या ओळीवर घसरतो, पान उलटताना दोन पाने एकदम उलटतात, न लागलेले अक्षर ओळखीच्या अक्षरासारखे लिहिले जाते. कॅमेरा यांतील एकही दोष करणार नाही असे आपण गृहीत धरतो. वास्तविक कॅमेरा हाही लेखनिकच आहे आणि त्याच्या चुकाही ठरलेल्या आहेत. फरक इतकाच की, पोथी उतरणारा माणूस अखेरीस आपली पाठ मोडली, मान वाकली, चुकले असल्यास दोष देऊ नये, असे लिहून तरी ठेवी. कॅमेरा चुकीची कबुली देत नाही. त्याच्या पाठीवरच्या दोन इंची पडद्यावर सर्वच अक्षरे सुबक दिसतात.

पहिली गोष्ट प्रकाशाची. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश बंद ठेवावा. तो समोरून पडतो, घोटलेल्या कागदावर चकाकतो आणि मधली चार अक्षरे पांढरी करून टाकतो. सारख्या ताकदीचे दोन दिवे पानाच्या दोन्ही बाजूंना, सारख्या अंतरावर, ४५ अंशांतून यावेत. प्रकाश सम आहे की नाही हे पाहण्याची सोपी युक्ती आहे. पानाच्या जागी मधोमध एक पेन्सिल उभी धरावी. तिच्या दोन्ही सावल्या सारख्याच गडद दिसल्या पाहिजेत. दिवे नसतील तर सावलीतली ओसरी उत्तम. एका बाजूने उजेड येत असेल तर दुसऱ्या बाजूस थर्माकोलचा पांढरा तक्ता उभा करावा. थेट ऊन नको, आणि खिडकीचा उजेड व ट्यूबलाइट यांची भेसळ तर मुळीच नको. पानाचा एक भाग निळा आणि दुसरा हिरवट येतो. आपल्याकडच्या विजेवर अनेक दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. चित्रावर आडवे पट्टे दिसू लागले तर शटरचा वेग १/१०० किंवा १/५० वर आणावा.

दुसरी गोष्ट आधाराची. तिवईवाचून हस्तलिखित टिपू नये. कंदिलाच्या उजेडात माझ्या कॅमेऱ्याने आपोआप १/८ सेकंदाचा वेळ घेतला होता, आणि इतका वेळ कुणाचाही हात स्थिर राहत नाही. तिवईवर मात्र पूर्ण एक सेकंद लागला तरी बिघडत नाही; संवेदनक्षमता १०० आयएसओवर, छिद्र एफ/८ वर ठेवावे आणि कॅमेऱ्याचा दोन सेकंदांचा टायमर वापरावा, म्हणजे बटण दाबतानाचा धक्काही लागत नाही. छिद्र फार मोठे असेल तर शिवणीकडे वळलेला भाग फोकसबाहेर जातो. एफ/१६ च्या पुढे गेल्यास सर्वच अक्षरे किंचित मऊ पडतात. भिंग ५० किंवा ६० मिलिमीटरचे मॅक्रो असल्यास उत्तम. कॅमेऱ्यासोबत मिळणारे झूम भिंग रुंद टोकाला लावून जवळून चित्र घेतले तर सरळ शिरोरेषाही फुगीर होतात.

कॅमेरा पानाला अगदी समांतर हवा. गवंड्याची पाणसळ चालते, पण त्याहून अचूक उपाय म्हणजे साधा आरसा. पानाच्या जागी तो आडवा ठेवावा आणि कॅमेऱ्यातून पाहावे. भिंगाला स्वतःचे प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्यावर दिसेपर्यंत तिवईची मान हलवावी. त्यानंतर फोकस हाताने करावा, आणि तो पडद्यावरचे चित्र मोठे करून, अक्षराच्या कडेवर. स्वयंचलित फोकस पुष्कळदा कागदाची जवळची कड किंवा पान धरलेला अंगठा पसंत करतो. दर दहा पानांनी एक चित्र पूर्ण मोठे करून तपासावे. मी हे एकदाही केले नाही.

पिक्सेलचा हिशेब घरीच करून निघावे. माझ्या चित्राची रुंदी २५९२ बिंदू होती आणि उघडलेल्या बाडाची सुमारे बारा इंच. म्हणजे इंचाला दोनशेच्या आसपास बिंदू आले. त्यात एका अनुस्वाराच्या वाट्याला काय येणार? आजच्या २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात लांब बाजूला ६००० बिंदू मिळतात. आठ इंची पान, कडेच्या समासासह, एकट्याने घेतले तर इंचाला सहाशे बिंदू पडतात. एका चौकटीत एकच पान, हा नियम म्हणूनच पाळावा. मूळ नोंद रॉ स्वरूपात ठेवावी.

उद्भासनाबाबत एक फसगत नेहमी होते. कॅमेऱ्याचे मापक समोरचे सर्व काही मध्यम करड्या रंगाचे आहे असे मानून चालते. परिणामी फिकट कागद मळकट येतो. मापनापेक्षा दोन-तृतीयांश ते एक स्टॉप जास्त प्रकाश द्यावा. पहिल्या चौकटीत पानाशेजारी करडे कार्ड आणि मोजपट्टी ठेवावी. कार्डामुळे रंग पुढे बरोबर बसवता येतात आणि पट्टीमुळे पानाचा आकार कळतो.

रंगाचा आग्रह सौंदर्यासाठी नाही. जुने लेखनिक चुकलेले अक्षर हरताळ लावून झाकीत. 'हरताळ फासणे' हा आपला वाक्प्रचार तेथूनच आला. गेरूने दंड आणि ओवीचे आकडे रंगवीत. फोनमधील 'दस्तऐवज' प्रकार कागद पांढराशुभ्र करतो तेव्हा हरताळाचा पिवळा डागही धुऊन काढतो. जेथे लेखनिकाने मत बदलले ती जागा मग कोऱ्या कागदासारखी दिसते. अशा पानाचे आणखी एक चित्र, दिवा एकाच बाजूस जवळजवळ कागदाच्या पातळीत आणून, तिरप्या प्रकाशात घ्यावे. हरताळाचा थर, खरवडलेल्या जागा, ओळी आखताना पडलेल्या रेघा वर येतात. (हरताळ हे आर्सेनिकचे संयुग आहे. काम झाल्यावर हात धुवावेत आणि पान उलटताना बोट ओले करण्याची सवय घरीच ठेवून यावे.)

कसरीने पाडलेल्या भोकांचा धोका मला फार उशिरा कळला. पानाला भोक असेल तर खालच्या पानावरचे अक्षर त्यातून वर डोकावते, आणि चित्रात ते वरच्या ओळीतलेच वाटते. माझ्या आख्यानात एक अर्थहीन पाठ होता. त्यावर मी दोन वर्षे तर्क लढवले आणि एका चर्चासत्रात तो बोलीतला शब्द म्हणून सांगितलाही. तो खालच्या पानावरचा 'क' निघाला. प्रत्येक पानाखाली काळा कागद सरकवला असता तर हे टळले असते. काळ्या कागदामुळे पातळ पानाच्या पाठीमागची अक्षरेही कमी उमटतात.

बाड जबरदस्तीने सपाट उघडू नये. दोन्ही बाजूंना कापडाच्या घड्यांची उशी द्यावी आणि शिवण मोकळी राहील इतकेच उघडावे. सुट्या पानांच्या पोथीत अनेकदा पत्रांक पानाच्या पाठीवर असतो, म्हणून दोन्ही बाजू क्रमानेच घ्याव्यात. कोरी पाने, फळ्या आणि बासनही टिपावे. त्याच रात्री दोन ठिकाणी प्रती कराव्यात आणि त्यांतील एक घरच्या मंडळींना द्यावी. कागद त्यांचा आहे.

फोनच असेल तर फोन चालेल, त्याची लाज नको. तोही तिवईवर बसतो. कॅमेरा थोडा दूर ठेवून दुप्पट वाढीचे भिंग असल्यास ते वापरावे, सुशोभनाचे सर्व प्रकार बंद करावेत आणि चित्रे व्हॉट्सॲपवरून साध्या चित्रासारखी पाठवू नयेत, मूळ फाइल म्हणून पाठवावीत. धूसर अक्षर 'सुधारून' देणाऱ्या नव्या साधनांविषयी मात्र सावध असावे. माझ्या त्या विद्यार्थिनीने शेवटचे पान अशा एका साधनातून काढून पाहिले. पहिल्या वेळी स्वच्छ 'ई' आली. आम्ही दोघेही हरखलो. तिने पुन्हा एकदा केले, आणि तितकाच स्वच्छ 'ळ' आला. न लागलेले अक्षर ओळखीचे करून लिहिणारा लेखनिक परतला आहे, एवढेच यातून सिद्ध झाले.

राजवाड्यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरी छापली, पण ज्या पोथीवरून छापली ती पुढे अभ्यासकांना उपलब्ध राहिली नाही, आणि तिच्या काळाविषयीचा वाद पोथीवाचूनच चालत राहिला. माझे बाड त्या मानाने अगदी किरकोळ. पण मूळ नाहीसे झाले की उरलेली नक्कल हेच मूळ होते, आणि नक्कल काढणाऱ्याच्या घाईचा जाब विचारायला कागद परत येत नाही.

त्यानंतर मी कोठेही गेलो की आधी समाप्तिलेखाचे पान उघडतो. उजेड भरपूर असताना, हात ताजा असताना, त्याची तीन चित्रे घेतो आणि वहीत पेन्सिलीने तो अक्षरशः उतरवून घेतो. मग पहिल्या पानाकडे वळतो. शेवटचे पान नेहमी उजेड, बॅटरी आणि धीर संपताना येते. त्याच पानावर लिहिणारा आपले नाव ठेवून गेलेला असतो.

आख्यानाची संहिता आता छापायला जाईल. लेखनिकाच्या नावाच्या जागी आम्ही 'बा' छापणार आहोत, पुढे चौकटी कंसात प्रश्नचिन्ह, आणि तळटीपेत घरातील आठवण. विद्यार्थिनीने तळटीप लिहून आणली तेव्हा तीत 'मूळ प्रत अस्पष्ट' असे होते. मी ते खोडून 'छायाचित्र अस्पष्ट' असे केले. मूळ प्रत स्वच्छ होती.