वखार, कोठार आणि किल्ली

मराठी माणसाकडे साठवायला माल बेताचा, पण साठवायच्या जागेला शब्द मात्र भरपूर. कोठार, कोठी, कणगी, बळद, पेव, अंबारखाना, वखार, गोदाम आणि त्या गोदामाला इस्त्री करून बाहेर पाठवलेलं गोडाऊन! ज्याच्या घरात दहा किलो गहू नीट मावत नाहीत, त्याच्या भाषेत मात्र अशी नऊ दालनं.

बरं, हे शब्द एकमेकांच्या जागी चालतील म्हणाल तर तसंही नाही. लाकडाची वखार असते, लाकडाचं कोठार नसतं. ज्ञानाचं कोठार असतं, पण एखाद्या विद्वानाला ‘आपण म्हणजे ज्ञानाचं गोडाऊन’ असं म्हणून पाहा. आणि पेव तर हल्ली फक्त फुटतं. घोषणांचं फुटतं, क्लासेसचं फुटतं. पेव म्हणजे धान्य साठवायचं जमिनीतलं भुयार, हे सांगितलं की लोक आपल्याकडेच संशयानं बघतात. सांगलीजवळच्या हरिपूरला अशा पेवांत हळद साठवत. तोंड लिंपून बंद केलं की आतली हवा संपते आणि किडा जगत नाही. औषध नाही, वीज नाही. 2005च्या महापुरानं मात्र त्यांतली बरीच पेवं निकामी केली.

आमच्या चिरंजीवांना इतिहासाच्या पुस्तकात ‘इंग्रजांची सुरतेची वखार’ भेटली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी लाकडाची वखार आहे. त्यानं सरळ विचारलं, ‘‘बाबा, इंग्रज एवढा समुद्र ओलांडून सरपण विकायला आले होते?’’

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळे असल्या प्रश्नाची वाटच पाहत असतो. म्हटलं, ‘‘बाळ, त्यांची जहाजं वाऱ्याच्या हंगामावर येत-जात. जहाज बंदरात लागल्यावर कापड शोधायला निघालं तर व्यापारी भाव चढवणार. म्हणून माणसं इथंच ठेवायची, स्वस्ताईत माल घ्यायचा आणि जहाज येईपर्यंत साठवायचा. ती वखार.’’

‘‘म्हणजे ते नुसते थांबायचे?’’

पोरानं एका वाक्यात अख्खा विषय उरकला. आमच्या पुस्तकात याला ‘काल-उपयोगिता’ असं भारदस्त नाव होतं आणि त्यावर दहा मार्कांचा प्रश्न यायचा.

अर्थात नुसतं थांबणं सगळ्यांनाच जमतं असं नाही. 1660 साली पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या वखारकर इंग्रजांनी सिद्दी जौहरला तोफांची मदत केली. 1661 साली महाराजांनी राजापूर गाठलं आणि वखारीचा हिशेब चुकता केला. पन्हाळ्यावर मात्र अंबारखाना आजही उभा आहे. धान्याच्या त्या तीन कोठ्यांची नावं गंगा, यमुना आणि सरस्वती. वेढ्यातल्या माणसाला कोठार म्हणजे नदीच वाटत असणार.

गोडाऊन हा शब्द इंग्रजी आहे अशी अनेकांची समजूत असते. ‘माल खाली ठेवा’ म्हणून ‘गो डाऊन’, असं मला एका गृहस्थांनी अगदी गंभीरपणे समजावलं. त्या वेळी दोन हमाल पाठीवर पोती घेऊन जिन्यानं तिसऱ्या मजल्यावरच्या गोडाऊनकडे चालले होते. विद्वान सांगतात की हा शब्द मलय भाषेतल्या ‘गुदांग’वरून आला आणि मलय लोकांनी तो बहुधा आपल्याच तेलुगू-तमिळ मंडळींकडून उचलला. म्हणजे माल आपलाच, फक्त परदेशातून भाडं भरून परत आला! आता भिवंडीकडे गेलात तर गोडाऊनही जुनं झालंय. तिथं ‘लॉजिस्टिक्स पार्क’ आहेत. पार्क म्हटल्यावर मुलांना घेऊन जाऊ नका, घसरगुंडी नसते.

आम्हा बँकवाल्यांना मात्र गोदामाच्या नावाशी कर्तव्य नाही. आमचा प्रश्न एकच: किल्ली कुणाकडे? किल्ली बँकेकडे असेल तर ते तारण. माल आणि किल्ली दोन्ही कर्जदाराकडेच राहिली तर नजरगहाण, म्हणजे गहाण आहे, पण आपण नुसती नजर ठेवायची! भाषेनं इतका स्पष्ट इशारा दिलेला असूनही बँका नजरगहाणावर कर्जं देतात, याचं मला नेहमी कौतुक वाटतं.

एकदा काउंटरवर एक शेतकरी मामा उभे होते. सोयाबीन विकून आले होते. मी सहज म्हटलं, ‘‘मामा, थोडं थांबला असतात तर? पुढं भाव चढतो म्हणतात.’’

मामा पासबुक घडी करत म्हणाले, ‘‘साहेब, माल माझा. पण थांबायची जागा त्येची.’’

‘त्येची’ म्हणजे व्यापाऱ्याची. दोन खोल्यांच्या घरात माणसं ठेवायची की पोती? सगळ्यांचा माल एकाच वेळी बाजारात येतो, भाव पडतो आणि ज्याच्याकडे गोदाम नाही तो पडत्या भावाला ‘हो’ म्हणतो. दहा मार्कांच्या त्या उत्तरात हे कुठंच नव्हतं.

यावर इलाज नाही असं नाही. राज्याचं वखार महामंडळ 1957 पासून आहे. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना 1990-91 पासून आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवायचा, बऱ्याचशा धान्यांवर किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज घ्यायचं आणि सहा महिन्यांपर्यंत भावाची वाट पाहायची. 2007च्या कायद्यानं वखार पावती हातोहात फिरवण्याची सोयही केली. भाव वाढेलच असं नाही. पण थांबायचं की विकायचं, हे ज्याचा माल त्यानं ठरवायचं. त्या मामांना मी योजनेचा कागद दिला. त्यांनी तो नीट वाचला आणि विचारलं, ‘‘आमच्या गावापास्नं गोदाम किती लांब?’’ योजनेत जागा कमी पडते ती नेमकी इथं.

आमच्या घरी गोदाम अगदी जवळ आहे. स्वयंपाकघरावरचा पोटमाळा. त्यात तीन पायांचं स्टूल, चिरंजीवांचा पाळणा, आंब्याच्या रिकाम्या पेट्या आणि दोन बिनझाकणाचे डबे आहेत. यांची काल-उपयोगिता नक्की कोणत्या साली सुरू होणार, असं मी सौ.ला विचारलं. ती म्हणाली, ‘‘लागतं कधी तरी.’’ त्या मालाची किल्ली तिच्याकडे आहे. मला नजरगहाणही नाही, कारण त्या माळ्याकडे नुसती नजर टाकली तरी ती म्हणते, ‘‘हात लावू नका.’’