अठ्ठेचाळीस मिनिटांची न्याहारी

पौष महिन्यात चंद्रपूरला सकाळ उशिरा होते. सूर्योदयालाच ६ वाजून ५० मिनिटे होतात. ज्या घरात नवकारशीचे पच्चक्खाण आहे, त्या घरात त्यापुढे दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे, तोंडात पाण्याचा थेंबही जात नाही. मूठ वाळून नवकार म्हणून पच्चक्खाण पारेपर्यंत ७ वाजून ३८ मिनिटे होतात. वैशाखात सूर्य साडेपाचच्या सुमारास वर येतो, तेव्हा हीच वेळ सव्वासहाच्या थोडी पुढे येते आणि कोणाची काही अडचण होत नाही. व्रत तेच, परंतु हिवाळ्यात ते घड्याळाशी भिडते.

चंद्रपुरातील अशाच एका घरातील ही हकिकत आहे. घरात सासू-सासरे, मुलगा-सून आणि दहा वर्षांचा नातू. मुलाचे कापडाचे दुकान. सून मूल तालुक्यातील एका खेड्यात शिक्षिका. गडचिरोलीकडे जाणारी सव्वाआठची बस तिला गाठावी लागे. नातवाची रिक्षा आठला दारात येई. म्हणजे पच्चक्खाण पारल्यापासून उंबरठा ओलांडेपर्यंत पुरती पंचवीस मिनिटेही हाती राहत नसत. तेवढ्यात तव्यावर एकेक धिरडे उतरे. पहिले सासऱ्यांना, दुसरे नातवाला, तिसरे मुलाला. तव्यासमोर उभ्या असलेल्या सुनेच्या वाट्याचे धिरडे होण्यापूर्वी बसची वेळ होई. चौविहार असल्यामुळे आदल्या दिवशीच्या सूर्यास्तानंतर तिने काही घेतलेले नसे. पोटात अन्न जाई ते शाळेच्या मधल्या सुट्टीत. मार्गशीर्षात एके दिवशी फळ्यावर लिहिता लिहिता तिला भोवळ आली. तपासणीत रक्त कमी असल्याचे निघाले. डॉक्टरांनी औषध दिले आणि सकाळचे खाणे चुकवू नका, असे बजावले.

घरात त्या दिवशी कोणी फार बोलले नाही. सासूबाईंनी संध्याकाळी तिच्या पानात तूप जास्त वाढले, एवढेच. पण सकाळचा तवा होता तिथेच राहिला.

सुनेची एक वर्गमैत्रीण परदेशात राहते. तिकडच्या घरांत न्याहारीचा एक प्रकार रूढ आहे. रात्री पावाचे तुकडे, दूध, भाज्या, चीज असे सगळे एका खोलगट भांड्यात थरावर थर रचून शीतकपाटात ठेवायचे आणि सकाळी उठल्याबरोबर ते भांडे ओव्हनमध्ये सारायचे. तिकडे त्यात बहुधा अंडी असतात. मैत्रिणीने अंड्यांविना केलेली कृती कळवली. भांडे ओव्हनमध्ये असेपर्यंत बाईमाणसाची आंघोळ, पूजा, डबे होतात आणि सगळे एकदम, एकाच वेळी ताटावर बसतात. सुनेला पदार्थापेक्षा हे शेवटचे वाक्य आवडले. तिने पगारातून एक लहान ओव्हन आणला. रविवारी दिवस मावळण्यापूर्वी तिने भांडे रचून ठेवले आणि सोमवारी पच्चक्खाण पारल्यावर सोनेरी रंगाची, वाफाळती वडी सगळ्यांच्या ताटात एकदम पडली.

सासूबाईंनी ताट बाजूला सारले नाही. त्यांनी ते घेतलेच नाही. डब्यातला खाखरा काढला, दुधाबरोबर खाल्ला आणि त्या माळ घेऊन बसल्या. मंगळवारीही तसेच झाले. बुधवारपासून सासरेही खाखऱ्यावर आले. ज्या न्याहारीसाठी घर एकत्र बसावे, तिने घराच्या दोन पंगती केल्या.

हे भांडण असते तर मिटले असते. दोघी एकमेकींशी नेहमीप्रमाणे बोलत होत्या. सुनेच्या मनात मात्र एक काटा होता : आपण शाळेत चक्कर येऊन पडलो, तरी यांचा नियम सुटत नाही. आणि सासूबाईंच्या मनात दुसरा : ज्या स्वयंपाकघरात चाळीस वर्षे रात्रीचे वासी शिरले नाही, तिथे ते आपल्या डोळ्यांदेखत शिरले.

गाठ सुटली ती नातवाच्या प्रश्नाने. आजीच्या ताटातला खाखरा मोडून घेत त्याने विचारले, “आजी, हा खाखरा कधीचा गं?”

“बारा दिवस झाले असतील.”

“मग बारा दिवसांचा चालतो आणि आईचं कालचं का नाही चालत?”

प्रश्न उद्धट नव्हता. त्याला खरेच कळले नव्हते. आजीने खाखऱ्याचा तुकडा बोटांत दाबला. तो कडकन मोडला. “यात पाणी राहिलेलं नाही, बाळा. पाणी आहे तिथं जीव उत्पन्न होतो. तुझ्या आईच्या भांड्यात दूध रात्रभर मुरतं. पाव तर आधीच कालचा असतो. मी तिच्यावर रागावले नाही रे. मला ते गिळवत नाही.”

सून डबा भरत होती. तिने हे ऐकले. चाळीस वर्षांचा नियम तिच्यासमोर पहिल्यांदाच कारणासह ठेवला गेला होता. तोवर तिला वाटत होते की आधी करून ठेवण्यालाच सासूबाईंचा विरोध आहे. पण आधी करून ठेवणे या घराला कधीच वर्ज्य नव्हते. खाखरा, शेव, चिवडा, वाळवलेले पापड, भाजलेली पिठे हे सारे आधीच करून ठेवलेले असते. त्याला शास्त्राने काळही नेमून दिला आहे. पीठ, खाखरा, मिठाई यांची मर्यादा कार्तिक पौर्णिमेपासून फाल्गुनापर्यंतच्या थंडीत ३० दिवस, तिथून आषाढापर्यंतच्या उन्हाळ्यात २० दिवस आणि चातुर्मासात १५ दिवस. थंडीत अधिक, उन्हात कमी, दमट हवेत सर्वांत कमी. ज्या गावात वैशाखात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तिथल्या गृहिणीला या आकड्यांचा अर्थ पुस्तकात शोधावा लागत नाही. सकाळी भिजवलेले पीठ दुपारी कसे फुगून येते, हे तिने पाहिलेले असते. आजचे आहारशास्त्रही शिजवलेले ओले अन्न ५ ते ६० अंशांच्या दरम्यान फार वेळ राहू देऊ नये, असे सांगते. शीतकपाटाने ही वाढ मंदावते, हे खरे. मात्र आपल्या नियमाचा पाया केवळ आरोग्य नाही, अहिंसा आहे. जीवोत्पत्ती मंद झाली, म्हणून ती नाहीच असे मानायला सासूबाई तयार नव्हत्या, आणि त्यांच्या बाजूने ते सुसंगतच होते.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. याच वनप्रदेशात पहाटे मोहफुले वेचायला किंवा उन्हाळ्यात तेंदूपाने तोडायला जाणारी माणसे आंबील, पेज पिऊन घराबाहेर पडतात. आदल्या दिवशीचे आंबवलेले अन्न त्यांना उन्हात तग धरायला बळ देते. त्यांच्या कष्टाला आणि हवामानाला ते शोभते. त्याकडे कोणी नाक मुरडून पाहू नये. लवकर निघणाऱ्या माणसाच्या पोटाची तरतूद आधी कशी करावी, हा प्रश्न सगळ्यांचाच आहे. उत्तर मात्र प्रत्येक घर आपल्या आचाराप्रमाणे शोधते.

सुनेने त्या रात्री वहीत दोन रकाने पाडले. एका बाजूला पाणी न लागणारी कामे, दुसऱ्या बाजूला पाणी लागणारी. पहिल्या रकान्यात इतकी कामे जमली की तिचे तिलाच आश्चर्य वाटले. निवडणे, पुसणे, भाजणे, दळणे, चाळणे, मसाला मिसळणे, भांडे काढून ठेवणे. सकाळच्या घाईतला मोठा वाटा इथेच होता. दुसऱ्या रकान्यात भिजवणे, दुधी किसणे आणि भाजायला ठेवणे एवढेच उरले. पहिला रकाना रविवारच्या उजेडात उरकता येणार होता. धान्य तर उजेडातच निवडायचे असते. जयणा पाळायची तर दिव्याखाली कीड दिसत नाही.

तिने दुसऱ्या दिवशी सासूबाईंना वही दाखवली. “आई, पाणी सकाळी सूर्योदयानंतरच लावायचं. रात्रीचं काही राहणार नाही. मग तुम्ही घ्याल का?”

सासूबाईंनी वही दूर धरून वाचली. “यात डाळी आहेत. ताक घालशील तर द्विदल होईल. ताक कढत करून घ्यावं लागेल,” त्या म्हणाल्या. हा होकारच होता.

पदार्थ ठरला हांडवा. गुजरातेतला हा भाजलेला जाड पदार्थ आपल्या समाजात सर्वांच्या ओळखीचा; पण तो एरवी पीठ रात्रभर आंबवून करतात. इथे आंबवण्याला फाटा द्यायचा होता. पहिला प्रयत्न फसला. पीठ फार रवाळ होते, दहा मिनिटांत भिजले नाही. कडा कडक झाल्या आणि मध्ये कणी लागली. सून हिरमुसली. सासूबाईंनी सुरी मध्ये खुपसून पाहिली आणि दोन दुरुस्त्या सांगितल्या : दळण बारीक हवे आणि थर पातळ. तिसऱ्या रविवारी प्रमाण बसले. ते असे.

तांदूळ ३ वाट्या, चणाडाळ १ वाटी, तूरडाळ अर्धी वाटी, उडीदडाळ पाव वाटी. सगळे निवडून, कोरड्या फडक्याने पुसून, मंद आचेवर वेगवेगळे भाजायचे; रंग बदलू द्यायचा नाही. गार झाल्यावर बारीक रव्याइतके दळायचे. त्यात मीठ, हळद, तिखट आणि आल्याऐवजी सुंठ घालून घट्ट झाकणाच्या डब्यात भरायचे. सकाळी या पिठाच्या दोन वाट्या घ्यायच्या. दीड वाटी ताकाला चमचाभर तांदळाची पिठी लावून ते ढवळत कढत करायचे, म्हणजे फाटत नाही. ते पिठात ओतायचे. वाटीभर किसलेला दुधी आणि तीन चमचे तेल घालून दहा मिनिटे झाकायचे. तेवढ्यात ओव्हन १८० अंशांवर तापतो. शेवटी अर्धा चमचा सोडा घालून, तेल लावलेल्या पसरट भांड्यात दीड बोट जाडीचा थर द्यायचा, वरून मोहरी-तिळाची फोडणी ओतायची आणि पस्तीस ते चाळीस मिनिटे भाजायचे. सुरी कोरडी निघाली की झाले. ज्या तिथींना हिरवी भाजी वर्ज्य, त्या दिवशी दुधी गाळून ताक थोडे वाढवायचे.

आता घड्याळ पाहावे. ६ वाजून ५० मिनिटांनी सूर्योदय. तेव्हा पीठ भिजते. सातला भांडे ओव्हनमध्ये जाते. सासूबाईंची माळ, सुनेची आंघोळ आणि डबे, नातवाचे दप्तर हे सारे त्या चाळीस मिनिटांत होते. ७ वाजून ३८ मिनिटांनी घर मूठ वाळते, नवकार म्हणते, आणि दोन मिनिटांत भांडे बाहेर येते. ज्या ४८ मिनिटांना सून इतके दिवस अडसर समजत होती, तीच आता तिच्यासाठी स्वयंपाक करत होती. तवा भिंतीला लागला. पाचही जण एका वेळी बसले आणि पहिली वडी सासूबाईंनी सुनेच्या ताटात वाढली. “बस तुझी आहे, तू आधी,” एवढेच म्हणाल्या.

हा नियम समूहातही कसा चालतो, हे त्यांनी पुढे पाहिले. माघात हे कुटुंब भद्रावतीला केसरियाजी पार्श्वनाथांच्या दर्शनाला गेले. आपल्या तीर्थांवर सकाळच्या अल्पाहारालाच नवकारशी म्हणतात. वेळ झाल्याशिवाय पंगत बसत नाही आणि बसली की सगळे एकदम बसतात. परतीच्या वाटेवर सून म्हणाली, “आपल्या घरीही आता तीर्थासारखंच झालंय.” सासूबाई हसल्या.

फाल्गुनी चौमासी चतुर्दशीला दोघी उपाश्रयात प्रतिक्रमणाला शेजारी बसल्या. खामणा आल्या तेव्हा सासूबाईंनी हात जोडून आधी सुनेकडे पाहिले. “मिच्छामि दुक्कडम्. तुला चक्कर आली तेव्हाच मी विचारायला हवं होतं.” सुनेने त्यांचे हात धरले. “मिच्छामि दुक्कडम्, आई. मीही न विचारताच भांडं रचलं होतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सून पिठाचा डबा काढायला गेली. डब्यावर ती दर वेळी दळणाची तारीख आणि मुदतीचे दिवस लिहून कागद चिकटवत असे. त्यावरचा ३० हा आकडा खोडलेला होता. शेजारी सासूबाईंच्या थरथरत्या अक्षरात लिहिले होते : २०. आणि त्याखाली बारीक अक्षरात : ‘आजपासून तीळ बंद. नुसती मोहरी.’