नुकतं जमलेल्यानं शिकवावं

वालूर परिसरातली आमची शाळा द्विशिक्षकी. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिकला 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, म्हणजे एका खोलीत दोन-दोन इयत्ता. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या चाचणीत अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असे वाचनाचे टप्पे आहेत. मराठीच्या तासाला ते सगळे टप्पे माझ्यासमोर एकाच सतरंजीवर बसलेले असतात. कुणी दिवाळीनंतर आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलेलं, कुणाच्या घरी दखनी, कुणाच्या तांड्यावर गोरमाटी. एकच धडा सगळ्यांना सारखा शिकवला तर काहींना तो आधीच येत असतो आणि काहींच्या डोक्यावरून जातो. म्हणून मी मुलांच्या जोड्या लावते.

जोडी लावणं हेच यातलं खरं कसब. हुशार पोराला मागं पडलेल्याजवळ बसवलं की काम झालं, असा पुष्कळांचा समज आहे. माझा अनुभव उलटा आहे. सगळ्यात सफाईनं वाचणारा मुलगा बहुतेक वेळा शिकवायला कच्चा असतो. आपण कुठं अडत होतो हे तो कधीच विसरून गेलेला असतो, त्यामुळं समोरचा थांबला की तो शब्द सांगून मोकळा होतो. मला हवी असते ती कालपरवा तिथंच अडखळलेली मुलगी.

वालूरची चक्राकार पायऱ्यांची बारव आमच्या मुलांच्या ओळखीची. तिच्याबद्दल मुलांनी सांगितलेली वाक्यं मी फळ्यावर लिहिली होती. तिसरीतला एक मुलगा ‘पायऱ्या’पाशी अडला. पाय, मग र, मग या. पुन्हा तेच. शेजारच्या मुलीनं शब्द सांगितला नाही. वहीतल्या त्या अर्ध्या ‘र’खाली बोट ठेवून म्हणाली, “ह्याच्यावर थांबायचं नाई. ह्याला धरून पुढच्याला चिटक.” तो चिटकला. लगेच तिनं पाटीवर ‘दऱ्या’ लिहिलं, तेही जमलं. मग लिहिलं ‘सूर्य’. इथं तो परत अडकला, तर म्हणाली, “ह्यो बसलाय ‘य’च्या डोक्यावर, पण म्हणायचा त्याच्या आधी.” रफार समजावताना मी जी वाक्यं वापरत आले, त्यांच्यापेक्षा हे वाक्य मला नेमकं वाटलं आणि तेव्हापासून मीही तेच वापरते.

शिकवणाऱ्यालाही शिकवावं लागतं. पेन्सिल शिकणाऱ्याच्याच हातात राहील. वही ओढायची नाही. तो अडला तर मनात पाचपर्यंत मोजायचं, मग पहिलं अक्षर सुचवायचं. ‘चुकलं’ म्हणायच्या ऐवजी ‘परत वाच’ म्हणायचं. यातलं पाचपर्यंत मोजणं सगळ्यात अवघड, मोठ्यांनाही.

ही पद्धत काही नवी नाही. आपल्याकडं पंतोजींच्या शाळेत थोरली मुलं धाकट्यांकडून धूळपाटीवर अक्षरं गिरवून घेत. अँड्र्यू बेल 1789 पासून मद्रासच्या अनाथ मुलांची शाळा सांभाळत होता. वाळूत बोटानं अक्षरं काढणारी इथली मुलं बघून त्यानं मुलांकडूनच मुलांना शिकवण्याची पद्धत बसवली, 1797 मध्ये लंडनमध्ये तिचा वृत्तांत छापला आणि पुढं जोसेफ लँकेस्टरनं एका मास्तराच्या हाताखाली शेकडो मुलं बसवली. तिथंच तिचं वाटोळं झालं असं मला वाटतं. मुलं स्वस्तातले मास्तर झाली आणि घोकंपट्टी उरली. जोड्या लावल्या म्हणून शिक्षकाचं काम कमी होत नाही. मी जोड्यांमधून फिरते, कान देते, रोज कुणाचं काय अडलं ते टिपते आणि दर आठवड्याला जोड्या मोडते.

“आमच्या पोरानं दुसऱ्याला का म्हणून शिकवायचं?” असं पालक विचारतात. रास्त प्रश्न आहे. मी त्यांच्यासमोर मुलाला वाचायला लावते आणि मग कालचा धडा समजावून सांगायला लावते. दोन्हीतला फरक त्यांना तिथंच दिसतो.

पाडव्याच्या सुमारास फडावरून मुलं परततात. त्यांना नुसतं शिकणारं करून बसवलं तर ती मुकी होतात. म्हणून पहिला आठवडा जोडी उलटी. फडावरून आलेला सांगतो आणि सफाईनं वाचणारा लिहून घेतो: कोयता, मोळी, मुकादम, उचल, वाढं. “वाढं म्हंजे?” लिहिणारा विचारतो. “उसाचा शेंडा. बैलाला घालत्यात.” नंतर दोघं मिळून तो मजकूर वाचतात. वाक्य स्वतःच बोललेलं असल्यामुळं मागं राहिलेल्यालाही पुढचा शब्द येतो. तो कुठल्या अक्षरापाशी अडतो ते मी बघते आणि ते अक्षर नुकतंच जमलेलं मूल पुढच्या सोमवारी त्याच्या शेजारी बसवते.