माशी, मावशी आणि दहा दिवसांचं कोलकाता

आमच्या वसईत 'मिशन ट्रिप' हा शब्द आता कुणाला नवा नाही. पॅरिशचा युवा गट, सोबत एखादे फादर किंवा सिस्टर, पाठीवर सॅक आणि घरच्यांनी बांधून दिलेला खाऊ, असा हा प्रवास असतो. कधी जवळचा आदिवासी पाडा, कधी दूरचं शहर. मागच्या हिवाळ्यात आमच्या गटातले नऊ जण कोलकात्याला गेलो. मदर तेरेसांनी १९५० मध्ये स्थापन केलेल्या मिशनरीज ऑफ चॅरिटीच्या घरांमध्ये दहा दिवस काम करायचं ठरलं होतं.

निघण्याआधी घरात एकच प्रश्न होता आणि तो पप्पांचा होता. "नऊ जणांचं जाणं-येणं, राहणं, खाणं. एवढ्या पैशांत इथेच चार म्हाताऱ्या माणसांच्या औषधांची सोय झाली असती. मग तिकडे कशाला?" पप्पा चर्चच्या कामात आयुष्यभर राबलेले. त्यांचा विरोध नव्हता, हिशेब होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो प्रश्न घेऊनच मी कल्याणला गीतांजली एक्स्प्रेसमध्ये बसले.

गाडीत दुसरा प्रश्न भेटला. समोरच्या बाकावरच्या काकांनी 'मिशन' शब्द ऐकला आणि सरळच विचारलं, "धर्मप्रसाराला चाललात का?" वातावरण जरा अवघडलं. आमच्यातला एक जण हसून म्हणाला, "काका, आम्हाला बंगाली येत नाही. प्रसार करायचा म्हटला तरी कोणत्या भाषेत करणार?" काकाही हसले. पुढे नागपूर येईपर्यंत त्यांनी आमचे डबे आणि आम्ही त्यांचे डबे संपवले. पण भाषा येत नाही, हे वाक्य तेव्हा विनोद वाटलं तरी पुढच्या दहा दिवसांत तेच सगळ्यात महत्त्वाचं ठरणार होतं.

आचार्य जगदीशचंद्र बोस रोडवर मदर हाऊस आहे. मदर तेरेसांची समाधी तिथेच आहे. सकाळी सहाची मिस्सा, मग स्वयंसेवकांसाठी चहा, पाव आणि केळं. तिथून गट पाडून प्रत्येक जण आपापल्या घरी जातो. कुणी कालिघाटला 'निर्मल हृदय'मध्ये, कालीमंदिराला लागून १९५२ मध्ये सुरू झालेल्या त्या घरात. कुणी लहान मुलांच्या 'शिशु भवन'मध्ये. आम्हा मुलींच्या वाट्याला पार्क सर्कसच्या बाजूचं 'प्रेम दान' आलं. जिथे परत जायला घर नाही, अशा आजारी, वृद्ध, मनाने खचलेल्या बायका तिथे राहतात.

मला वाटलं होतं, कुणाचा तरी हात हातात घेऊन बसायचं असेल. हातात आल्या त्या ओल्या चादरी. मोठमोठ्या हौदांत कपडे बुडवायचे, खळबळायचे, दोघींनी दोन टोकं धरून पिळायचे आणि बादल्या भरून वर वाळत घालायला न्यायचे. डिसेंबरचं थंडगार पाणी. पहिल्याच दिवशी बोटं सुजली. नंतर चहा वाटणं, नखं कापणं, केसांना तेल लावणं, जेवण वाढणं, ताटं घासणं. आत फोटो काढायचे नाहीत, हा नियम. रोजचा पगार शब्दांवर आणि फोटोंवर मिळवणाऱ्या माझ्यासारखीला तो नियम सुरुवातीला जड गेला, मग हलकं वाटलं.

तिथे पगारावर काम करणाऱ्या स्थानिक बायकांना सगळे 'माशी' म्हणतात. बंगालीत माशी म्हणजे मावशी. आमच्यातल्या एकीने पहिल्यांदा ऐकलं आणि ती आजूबाजूला माशी शोधू लागली. मी एका माशीला खुणा करून सांगितलं की आमच्या भाषेत माशी म्हणजे भुणभुणणारी, ताटावर बसणारी. ती पोट धरून हसली आणि त्या दिवसापासून मला बघितलं की तोंडाने 'भूं' असा आवाज काढायची.

तिसऱ्या दिवशी मला एका आजींना भरवायला सांगितलं. मी घास पुढे केला की त्या मान फिरवायच्या. पुन्हा केला, पुन्हा तेच. शेवटी माशी आली, माझ्या हातातला चमचा घेतला, आजींच्या डाव्या बाजूला बसली आणि काहीतरी पुटपुटत भरवू लागली. आजी जेवल्या. माशीने मला खुणेने दाखवलं, उजवीकडची दाढ दुखते. हे तिला कुणी लिहून दिलं नव्हतं. रोज तिथे असल्यामुळे तिला ते माहीत होतं.

त्या दुपारी ताटं घासताना मला पप्पांच्या प्रश्नाचं टोक सापडल्यासारखं वाटलं. ओळख ही दहा दिवसांत होत नाही. इव्हान इलिच नावाच्या कॅथलिक विचारवंताने १९६८ मध्ये मेक्सिकोत अमेरिकन तरुण स्वयंसेवकांना अगदी कडक शब्दांत बजावलं होतं, की ज्या लोकांची भाषा तुम्हाला येत नाही त्यांचं भलं करायला येऊ नका. आधी वाचलं तेव्हा तो मला कठोर वाटला होता. चमचा हातातून गेल्यावर तेवढा कठोर वाटला नाही.

या घरांवर टीकाही झाली आहे, आणि ती बाजूला सारण्यासारखी नाही. 'द लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकाचे संपादक रॉबिन फॉक्स यांनी १९९४ मध्ये कालिघाटच्या घराविषयी लिहिलं. तिथली माया आणि स्वच्छता त्यांना दिसली, पण आजाराचं नीट निदान होत नाही आणि तीव्र वेदनांवर पुरेशी प्रभावी औषधं नाहीत, हेही त्यांनी मांडलं. प्रेमाने भरवणं आणि योग्य औषध देणं, माणसाला दोन्ही लागतं. दुखऱ्या दाढेच्या बाजूने न भरवणं ही माया आहे. दाढेवर उपचार ही वेगळी गोष्ट आहे आणि तीही हवीच.

मग आमच्यासारख्यांचा उपयोग काय? उत्तर हौदापाशी होतं. आम्ही चादरी धूत होतो तेवढा वेळ माशी आत बायकांजवळ बसू शकत होत्या. कपडे पिळायला ओळख लागत नाही, भाषा लागत नाही. ती लागते भरवायला, समजूत घालायला. ज्यांना ओळख आहे त्यांचे हात मोकळे करायचे, एवढंच दहा दिवसांच्या पाहुण्याचं काम. ते छोटं आहे, पण खोटं नाही.

गुरुवारी स्वयंसेवकांना सुट्टी असते. त्या दिवशी आम्ही सियालदहहून लोकल पकडून टिटागढला गेलो. गर्दीत उभं राहताना सगळ्यांना विरारची आठवण आली. टिटागढला रेल्वेरुळांच्या बाजूला 'गांधीजी प्रेम निवास' आहे. कुष्ठरोग झालेली माणसं तिथे हातमाग चालवतात आणि जगभरातल्या सिस्टरांच्या निळ्या काठांच्या पांढऱ्या साड्या विणतात. झडलेल्या बोटांनी धोटा फेकणारे ते हात मी बराच वेळ बघत राहिले. सेवा करणारी बाई जी साडी नेसते, ती तिला सेवा घेणाऱ्याने विणून दिलेली असते. कोण देतो आणि कोण घेतो, याचा हिशेब तिथे जुळेना.

घरी आल्यावर पप्पांना सांगितलं, "तुमचा हिशेब बरोबर होता, पण अर्धा होता. पैसे इथे दिले असते तर औषधं आली असती. आम्ही मात्र इथे कधी गेलो नसतो." कारण खरं तेच आहे. आमच्या घरापासून स्कूटरवर पंधरा मिनिटांवर एक वृद्धाश्रम आहे आणि आम्ही नऊ जणांपैकी कुणीही त्याच्या फाटकाच्या आत पाऊल टाकलं नव्हतं.

आता महिन्यातल्या दोन रविवारी आम्ही तिथे जातो. सुरुवातीला नऊ होतो. परीक्षा, नोकऱ्या, लग्न असं होत होत चार उरलो. इथे भाषा येते, त्यामुळे पळवाटही नाही. एका आजींना चहा बशीतच लागतो. एक आजोबा वसईच्या जुन्या केळीच्या वाड्यांबद्दल तासभर बोलतात आणि मध्येच थांबले तर त्यांना कोणत्या वाक्यापासून पुढे न्यायचं, ते मला आता माहीत आहे. हे कळायला सात महिने लागले.

यंदाच्या हिवाळ्यात गटातली नवी मुलं कोलकात्याला निघाली आहेत. काय न्यायचं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हातांना लावायला खोबरेल न्या आणि पाणी फार थंड असतं. परत आल्यावर पहिल्या रविवारी सकाळी दहाला फाटकापाशी या, बाकीचं तिथे बोलू.